🍇 सेंद्रिय बाग म्हणजे फवारणी बंद नव्हे



"फ्रान्समध्ये औषध न मारता द्राक्षं पिकवतात, मग आपण का नाही?" असं बरेच सभासद विचारतात. म्हणून तिथल्या एका जुन्या घराण्याची माहिती देत आहोत.

फ्रान्सच्या अल्सास भागात टुर्कहाइम गावी झिंड-हुम्ब्रेख्त ही घरची वायनरी आहे. हुम्ब्रेख्त घराणं १६२० पासून द्राक्षशेतीत आहे. १९५९ मध्ये लग्नामुळे दोन घरांच्या बागा एकत्र आल्या. आज सुमारे ४० हेक्टर बाग आहे. १९९८ मध्ये सेंद्रिय आणि २००२ मध्ये बायोडायनॅमिक प्रमाणपत्र मिळालं.

✅ *ते काय करतात?*
• शेणाचं कंपोस्ट घालतात. माती दबू नये म्हणून काही प्लॉटमध्ये घोड्याने नांगरतात.
• उत्पादन मुद्दाम कमी धरतात.
• बायोडायनॅमिक पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरतात. नंतर ते थोडंसं पाण्यात तासभर ढवळून जमिनीवर शिंपडतात. याचा वेगळा फायदा विज्ञानाने ठामपणे सिद्ध झालेला नाही. कंपोस्टचा फायदा मात्र नक्की आहे.

⚠️ *फवारणी तिथेही आहे*
सेंद्रिय बागेत भुरीला गंधक आणि डाऊनीला तांबं चालतं. आपलं बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्सच्या बोर्डो भागातलंच. पण तांबं जमिनीत साठतं आणि गांडुळांना मारक ठरतं. म्हणून युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, एवढीच मर्यादा आहे.

*आपला हिशोब:* ही मर्यादा म्हणजे वर्षाला एकरी साधारण ६ किलो मोरचूद. १ टक्का बोर्डोच्या ४०० लिटरला ४ किलो मोरचूद लागतं. म्हणजे दुसऱ्या फवारणीतच मर्यादा ओलांडली!

🌧️ *जशीच्या तशी नक्कल नको*
व्होज डोंगर पाऊस अडवतो, म्हणून अल्सास कोरडा भाग आहे. तिथे छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे खरड आणि फळछाटणी अशा दोन, त्यात फुलोऱ्यात अवकाळी आला तर डाऊनी दोन-चार दिवसांत घड घालवते. शिवाय त्यांची द्राक्षं वाईनची, आपली बहुतेकांची खायची. डाग पडलेला घड आपल्याकडे कोणी घेत नाही.

👉 *सभासदांनी काय करावं?*
१. सगळ्या बागेची औषधं एकदम बंद करू नका. आधी एकच प्लॉट निवडा.
२. सुरुवात मातीपासून करा: कुजलेलं शेणखत, ओळींमध्ये ताग किंवा धैंचा, काडीकचऱ्याचं आच्छादन.
३. विरळणी वेळेवर करा. कॅनॉपीत हवा खेळली तर रोग कमी येतो.
४. मोरचूद किती वापरलं ते प्रत्येक फवारणीला वहीत लिहा.
५. प्रमाणपत्र हवं असेल तर किमान ३ वर्षं धरून चाला. तेवढा काळ सेंद्रियचा भाव मिळेल असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

प्लॉट निवडण्याआधी माती परीक्षणाचा रिपोर्ट घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, बसून बोलू. 🙏