मायनर काय घेऊ, ताई?

जून उजाडला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय. कुणाचा भाऊ, कुणाची भाची एफवायला. चहासोबत प्रश्न ठरलेला, 'मायनर काय घ्यायला सांगू गं?' आपलं बरं होतं. दहावीनंतर सायन्स-कॉमर्स-आर्ट्सचा शिक्का बसला की संपलं! राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं धोरण लागू झालं आणि पोरांपुढे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं भलंमोठं मेन्यूकार्ड आलं. क्रेडिट्सची तर चक्क बँक आहे, २०२१ पासून.

माझी मामेबहीणही फॉर्म घेऊन आली. कॉलेजात तिला सल्ला म्हणून मिळाला होता क्रेडिट्सचा तक्ता. बी.कॉम.ला मायनर डेटा ॲनालिटिक्स घ्यायचं, कारण 'स्कोप आहे'.

मी एमए हिस्टरी, नोकरी एचआरमध्ये. (घरच्यांच्या मते एमए वाया गेलं.) पण इतिहासाने एक खोड लावली, कुठलंही विधान दिसलं की विचारायचं: हे कोण म्हणालं? कधी? कुणाच्या फायद्याचं? 'स्कोप'वर हे तीन प्रश्न टाकून बघा. स्कोप सांगणारा होता शेजारचा क्लासवाला!

दुसरी खोड साहित्यवाल्या मैत्रिणींकडून घेतली. माणूस काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो ते ऐकायचं. दहा मिनिटं ही बोलली, त्यात 'मला' एकदाही नाही. बाबा म्हणतात, सर म्हणतात, सगळे घेतायत. मग बार्शीच्या किराणा दुकानाचा विषय निघाला आणि बाईसाहेब सुटल्या. तूर बाजारात आली की कुणाची उधारी फिटते, पाऊस लांबला की वहीत कुणाची नावं वाढतात... सगळं तोंडपाठ.

अमेरिकेत कॉलेजांमध्ये अकॅडमिक ॲडव्हायजर हे रीतसर पद असतं. तिथल्या बर्न्स क्रुकस्टन यांनी १९७२ सालीच लिहून ठेवलंय, की डॉक्टरसारखं प्रिस्क्रिप्शन फाडून देणं वेगळं आणि विद्यार्थ्यासोबत बसून त्याला ठरवायला शिकवणं वेगळं. दुसरं काम एक्सेल शीटने होत नाही. त्याला गोष्ट ऐकायची सवय असलेला माणूस लागतो. मला विचाराल तर प्रत्येक कॉलेजच्या ॲडमिशन टेबलामागे मराठीचा किंवा इतिहासाचा एक तरी मास्तर बसवावा.

तिने अर्थशास्त्र घेतलं. ॲनालिटिक्स वाईट म्हणून नव्हे, उधारीच्या वहीचं कोडं तिला सोडवायचंय म्हणून. मामा मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही.