पुन्हा परीक्षेस बसावे काय?

बडोद्याच्या पश्चिमेस असलेले गोत्री हे एके काळी शहराबाहेरचे खेडे होते. आज ते शहरातच सामावले असून २०११ पासून तेथे वैद्यकीय महाविद्यालय चालते. अशा एखाद्या महाविद्यालयात, मग ते गोत्रीचे असो वा आमच्या बांबोळीचे, पहिल्याच वर्षी अनुत्तीर्ण झालेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. फेरपरीक्षेचा अर्ज हाती आहे, आणि मन मात्र त्या विषयावरून पार उडालेले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीप्रमाणे पहिल्या वर्षासाठी चारच संधी असून सारा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पुरा व्हावा लागतो. म्हणजे विचार करावयासही फारशी सवड नाही.

वडीलधाऱ्यांचा उपदेश ठरलेला असतो. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' असे सांगून मुलास पुन्हा त्याच जिन्याकडे ढकलण्यात येते. जिना कोठे जातो हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

याच बडोद्याशी निगडित असलेले एक उदाहरण येथे आठवते. अरविंद घोष यांनी १८९० साली लंडनमध्ये आय.सी.एस.च्या प्रवेश परीक्षेत अकरावा क्रमांक मिळविला. पुत्राने सनदी अधिकारी व्हावे ही वडिलांची मोठी आकांक्षा होती. परंतु उमेदवारीच्या दोन वर्षांत अरविंदांचे मन त्या नोकरीवरून उतरले. बाकीच्या परीक्षा दिल्या. अडले ते घोडेस्वारीपाशी. संधी देऊनही ते त्या परीक्षेस वेळेवर हजर झाले नाहीत, आणि १८९२ मध्ये त्यांचे नाव वगळण्यात आले. नोकरी आपण होऊन नाकारणे घरच्यांना रुचले नसते, म्हणून अपात्र ठरण्याची युक्ती योजिली, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. सयाजीराव महाराज त्या वेळी इंग्लंडात होते. त्यांनी दरमहा २०० रुपयांवर या तरुणास आपल्या चाकरीत घेतले. १८९३ पासून सुमारे तेरा वर्षे अरविंद बडोद्यात राहिले, तेथे शिकविले आणि आपली मराठीही शिकले.

या कथेचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. सयाजीराव सर्वांच्याच वाट्याला येत नाहीत. आणि आय.सी.एस.ला पात्र ठरलेल्या विद्वान तरुणासही घरी स्पष्ट 'नाही' म्हणता आले नाही, त्यास नापासाची आड घ्यावी लागली! आज किती मुले अशीच नापास होत असतील, याचा पालकांनी विचार करावा.

दुसरे उदाहरणही बडोद्याचेच, मात्र नापासाचे नव्हे. संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. ती नोकरी सुटली. १९२० मध्ये पैशाची जुळवाजुळव करून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली. त्यांच्या वाटेत धोंडे कमी नव्हते. ओढ मात्र अखेरपर्यंत टिकली होती.

आमच्या मते खरा प्रश्न हा की गोडी गेली केव्हा? नापास झाल्यावर गेली असेल, तर बहुधा ती गोडी नव्हे, धीर गेलेला असतो. अशा मुलाने एक वेळ पुन्हा बसावेच. चांगला शिक्षक आणि चार महिन्यांची शांतता मिळाली तर धीर परत येतो, असा आमचा अनुभव आहे. गोडी आधीच गेली असेल, किंवा मुळात कधी नव्हतीच, तर दुसरी फी भरून लाज तेवढी झाकली जाईल. त्यातून डॉक्टर झालाच, तर रुग्णांचे काय, हाही विचार करावा लागतो.

मध्येच सोडणे पूर्वीइतके महागही राहिलेले नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमांत एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय सुचविली आहे. वैद्यकास ती लागू नाही. तेथे गेलेले वर्ष गेलेच. तरी एक वर्ष गमावणे हे नऊ वर्षे गमावण्याहून स्वस्त.

अर्जाची मुदत संपण्यापूर्वी वडिलांनी मुलास एकदाच विचारावे, की निकाल लागण्याआधी तुला हे शिकावेसे वाटत होते काय. आणि उत्तर येईपर्यंत शेजारच्या मुलाचे गुण सांगू नयेत.