सायकलचे सामान निवडा शरीराला विचारून

पावसाळा सरला की कोकणच्या सागरी मार्गावर सायकलस्वार दिसू लागतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे अशा ठिकाणी फेरीबोटीने खाड्या ओलांडत गोवा गाठायचा, हा अनेकांचा बेत असतो. त्यासाठी सामानावर बराच खर्च होतो. पण ते आपल्या शरीराला मानवते का, हे दुकानासमोरच्या एका चकरेत कळत नाही. ते कळते तीन-चार तासांनी, आणि त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसताना. म्हणून सहलीच्या महिनाभर आधी सगळे सामान लादून लागोपाठ दोन दिवस 50-60 किलोमीटर सायकल चालवून पाहावी.

आधी सीट. जाड, मऊ सीट सुरुवातीला सुखावते. मात्र आपला भार कुल्ल्यांखालच्या दोन हाडांनी पेलायला हवा. फार मऊ सीटमध्ये ही हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागातील नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. जननेंद्रियाभोवती बधिरपणा आला तर ‘होईल सवय’ म्हणून तो अंगावर काढू नये. सीटचे टोक वर उचललेले नाही ना, ते पाहावे. फरक पडला नाही तर सीट बदलावी. दर 10-15 मिनिटांनी क्षणभर पॅडलवर उभे राहावे. सायकलची पॅड असलेली चड्डी आतल्या कपड्याविना घालावी आणि रोज धुऊन वाळवावी. घाम आणि घर्षणामुळे तिथे गळवे होतात.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तळहातापाशी अल्नर नावाची नस दबते आहे असे समजावे. अशा वेळी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्याआधी हँडल थोडे उंच किंवा जवळ घ्यावे, हात ठेवण्याची जागा बदलत राहावे. थोडे रुंद टायर आणि त्यांत बेताची हवा असेल तर हादरे कमी बसतात. पाठीवरची जड सॅक हात, पाठ आणि सीट या सगळ्यांवरचा भार वाढवते. ते ओझे सायकलच्या कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखे बांधावे.

गुडघाही बोलतो. तो पुढून दुखला तर बहुधा सीट खाली असते, मागून दुखला तर वर. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला हवा. कोकणात खाडी ओलांडली की सड्यावर नेणारा चढ येतो. तिथे पुरेसा हलका गिअर नसेल तर प्रत्येक पॅडलचा जोर गुडघ्यावर येतो. सायकल घेताना सर्वाधिक वेगाच्या गिअरपेक्षा सर्वांत हलका गिअर आधी तपासावा, तोही सामानासकट चढावर.

पाण्याच्या बाटल्या किती घ्याव्यात? चाचणीच्या दिवशी निघताना आणि परतल्यावर वजन करा. एक किलो घटले म्हणजे प्यायलेल्या पाण्याखेरीज सुमारे एक लिटर पाणी कमी पडले. वजन वाढले असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. नुसते पाणी अति पिण्याने रक्तातील सोडियम घटून धोका संभवतो. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावी.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, सरळ बसावे. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, पुन्हा वापरू नये.

मधुमेहात नसांची संवेदना कमी झालेली असते त्यांना दाब किंवा जखम उशिरा कळते. त्यांनी तळपाय आणि बैठकीची जागा रोज पाहावी. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. बधिरपणा रात्रभर टिकला, बोटांतली ताकद कमी झाली, छातीत दुखले किंवा उन्हात सोबती असंबद्ध बोलू लागला, तर सायकल थांबवून डॉक्टरांकडे जावे. गोवा पुढच्या वर्षीही तिथेच असेल.