ॲसिटोन आणि गोबरगॅसची टाकी

नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईम्हशीच्या श्वासास व मूत्रास कधीं कधीं गोडसर उग्र वास येतो. दुधाच्या मानानें चारा अपुरा पडून शरीरांतील चरबी फार झिजली, म्हणजे ॲसिटोन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. त्याचाच हा वास होय. तो येतांच पशुवैद्यास बोलवावें. परंतु असें मूत्र शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकींत गेलें असतां तेथें त्याचें काय होतें, तें आम्ही सांगतों.

उघड्या हवेंतील जंतु प्राणवायूच्या साह्यानें ॲसिटोन फोडितात. बंद टाकींत प्राणवायु नसतो. तेथील जंतु ॲसिटोनमधील कर्बाच्या तीन परमाणूंस कर्बाम्लवायूंतील चौथा जोडितात, व मग त्या चौघांची दोन-दोन अशी वांटणी करितात. प्रत्येक वांट्यापासून शिरक्यांतील आम्ल होतें. ही रीत जर्मन संशोधकांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. पुढें दुसरे जंतु त्या आम्लापासून जळाऊ मिथेन वायु करितात.

हे दुसरे जंतु संथ व नाजूक असतात. शेण एकदम फार घातल्यास आम्ल सांचून गॅस बंद पडतो. म्हणून तें पाण्यांत कालवून रोज सारख्या मापानें घालावें.

गोवऱ्या जाळल्यास शेणांतील नत्र धुरावाटे जातें. टाकींतून निघणाऱ्या पातळ काल्यांत तें बहुतेक टिकतें. चुलीस जळण आणि वसमतकडील हळदीस खत, दोन्हीं एकाच शेणांतून मिळत असतां हिंगोली जिल्ह्यांतील शेतकरीबंधूंनीं गोवऱ्या कां थापाव्या?