जिलबीची पोथी आणि नथीचं वय

बावधनहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने पुण्यात उतरलं, की नळ स्टॉपच्या पुढे लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था लागते. 1917 साली सुरू झालेली. तिच्या फाटकावरून आम्ही कितीदा तरी गेलो असू. आत जुन्या संस्कृत पोथ्या, आपलं तिथे काय काम, असंच वाटायचं. पण त्याच पोथ्यांमधून आपलं स्वयंपाकघर निघालं, त्याची ही गोष्ट.

देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे 1919 पासून 1961 पर्यंत तिथे पोथ्यांचे अभिरक्षक होते. अभिरक्षक म्हणजे राखणदारच म्हणा. काम पोथ्या सांभाळायचं आणि याद्या करायचं. याद्या करता करता हा माणूस भलतंच टिपायला लागला. कुठे जिलबी आली, कुठे तंबाखू, कुठे चष्मा, कुठे शोभेची दारू! त्यावर त्यांनी शेकड्यांनी लेख लिहिले.

जिलबीचंच घ्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' नावाची पोथी लिहिली. तंजावरच्या मराठी राज्यातल्या दीपाबाई राणीचा त्याला आश्रय होता. धान्य, भाज्या, पक्वान्नं, काय पचतं, काय बाधतं, सगळं त्यात आहे. त्यातच जिलबीही. गोड्यांना तर 1450 च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथातही जिलबी सापडली. नाव मात्र अरबी-फारसीकडून आलेलं. लग्नाच्या पंगतीत ती आता मुरलेली सूनबाई झाली आहे, माहेर कुणी विचारत नाही.

नथीचं त्याहून नवल. जुन्या संस्कृत ग्रंथांत कानातलं, बांगड्या, कमरपट्टा भरपूर, पण नाकातलं काही नाही. गोड्यांनी अनुमान काढलं, की नथ आपल्याकडे हजारेक वर्षांपूर्वी बाहेरून आली. हे गटात सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी आधी नथ चाचपून पाहिली.

अशा नोंदींचा उपयोग काय? पोथीवर साल नसलं तरी आत तंबाखूचं नाव आलं, तर ती पोर्तुगीज इथे येण्याआधीची असू शकत नाही. तंबाखू त्यांनीच आणली. मिरची, बटाटा, शेंगदाणे यांचं मूळही अमेरिका खंडात. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो, तोही तिकडचाच. म्हणजे एकादशीची खिचडी सगळीच परदेशी! 'एकादशी, दुप्पट खाशी' ते वेगळंच.

पंडिताने लिहिलं आणि राखणदाराने राखलं, म्हणून हे कळलं. आमच्यातल्या एकीच्या सासरी जुनं घर पाडलं तेव्हा पेटीतले मोडी कागद बंबात गेले. पाणी तापलं, पण त्या कागदांत जमिनीचं होतं की लग्नाच्या खर्चाचं, ते आता कोण सांगणार? बायकांचं तर मुळात लिहिलंच कमी गेलं. जात्यावरच्या ओव्या तेवढ्या राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या मुळशीतल्या गावांमधूनही त्या टिपल्या. सगळा संग्रह लाखावर गेला. त्यात नणंद-भावजयीचे टोमणेही आहेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक जुना कागद आणायचा ठरलंय. वाचता येत नसला तरी आणा. एकीने आत्ताच विचारलंय, सासूबाईंची उधारीची वही चालेल का? चालेल की!