तोरा वरचा, भार खालचा

रहाटणीतल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांचा विषय निघाला की गप्पा टर्बो, एक्झॉस्ट आणि रिमॅपवरच रंगतात. तळाशी क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या मेन बेअरिंगचं नाव कुणी काढत नाही. साहजिक आहे; इंजिनाच्या तळाशी ओतलेल्या पैशातून हॉर्सपॉवर जवळपास वाढत नाही. पण वर वाढवलेली सगळी ताकद शेवटी क्रँकवरच आदळते आणि त्याला धरून ठेवणाऱ्या मेन कॅप ब्लॉकपासून उखडू पाहते.

किती जोर? चाकणला बनलेल्या केटीएम ३९०चं जुनं ३७३ सीसीचं इंजिन घ्या. स्ट्रोक जेमतेम ६० मिलिमीटर. ९,००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १५० वेळा वर-खाली करतो आणि वरच्या टोकाला वळताना गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पटींहून जास्त हिसका खातो. म्हणजे पाव किलोचा ऐवज त्या क्षणी पाऊण टनाच्या वर! आरपीएम दुप्पट, तर हिसका चौपट. म्हणून रेसवाले आधी कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बदलतात, बाकीचं मग बोलतात.

बोल्टचीही गंमत आहे. टॉर्क पान्याने लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के घर्षणातच जिरतो. बोल्ट ताणायला उरतो दहावा हिस्सा. आटे कोरडे की तेलाचे, एवढ्यानेही पकड बदलते. त्यामुळे पक्का इंजिन बांधणारा रॉडचा बोल्ट किती लांबला, हेच मोजतो. मेन कॅपला बोल्टऐवजी स्टड लावले, तर बेअरिंगचं घर पुन्हा मापून घ्यायचं. पकड वाढली की गोलाई बिघडू शकते. ही घरं एका रेषेत घासून गोल करण्याचा, म्हणजे लाइन होनिंगचा, खर्च वाचवणारे पुढे क्रँकचा खर्च करतात.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचा कनेक्टिंग रॉड अखंड घडवून मग त्याची कॅप मुद्दाम तोडून वेगळी करतात! तुटलेल्या खडबडीत कडा एकमेकींत इतक्या चपखल बसतात की कॅप केसभर सरकत नाही. दुसऱ्या रॉडची कॅप मात्र मुळीच चालत नाही.

क्रँकची ताकद घडाईत. मुंढव्याच्या भारत फोर्जकडे १६,००० टनी प्रेस आहे. अशा दाबाखाली लालबुंद पोलादाचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात. ओतीव क्रँकच्या नशिबी ते नाही. तडा बहुधा जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यात सुरू होतो, म्हणून तिथे गोलाई देऊन रोलरने दाबतात.

आता ब्लॉक. १९८३ साली नेल्सन पिकेने ज्या बीएमडब्ल्यू टर्बोवर फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं, त्याचा लोखंडी ब्लॉक साध्या मोटारींच्याच घराण्यातला. लाखभर किलोमीटर पळालेले जुने ब्लॉक मुद्दाम शोधत, असं सांगतात. तापून-थंडावून ओतकामातला ताण निघालेला असे.

ड्रॅग रेसवाल्यांचा उपाय थेट गवंडीकामाचा. ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत ते सिमेंटी ग्राउट ओततात. सिलिंडरच्या भिंती हलायचं नावच घेत नाहीत. पूर्ण भरलं तर ब्लॉकमध्ये पाणी फिरायला जागाच उरत नाही. पाव मैलाची शर्यत काही सेकंदांत आटोपते म्हणून भागतं. काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला भागणार नाही.