शिंपल्याच्या आत काय बदललं?

यवतमाळकडून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात उतरलं, की चुनखडकाचा प्रदेश लागतो. भूवैज्ञानिक त्याला तिथल्याच चांदा गावाच्या नावाने चांदा चुनखडक म्हणतात. त्याचं वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे शिंपल्यात राहणारे जीव अजून जन्मायचेच होते. तरी हा खडक आणि नदीकाठी आज सापडणारा शिंपला, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचेच. फरक अणूंच्या मांडणीत आहे. खडकातली मांडणी कॅल्साइटची, शिंपल्यातली अ‍ॅरागोनाइटची.

शिंपल्याची भुकटी ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवत नेली, की अ‍ॅरागोनाइटचा कॅल्साइट होतो. रासायनिक सूत्र तेच राहतं, काही वितळतही नाही. मग बदल झाला हे कळणार कसं?

१८०० साली विल्यम हर्शेलने थर्मामीटरच्या मदतीने शोधलेले अदृश्य इन्फ्रारेड किरण इथे कामी येतात. कार्बोनेट म्हणजे मधे एक कार्बन आणि भोवती तीन ऑक्सिजन, असा सपाट त्रिकोण. तो सतत थरथरत असतो आणि आपल्या थरथरीशी जुळणारे किरण शोषून घेतो. एका सेंटिमीटरात किती लहरी मावतात, यावरून ते किरण मोजतात. शोषणाच्या आलेखात अ‍ॅरागोनाइट ७०० आणि ७१३ अशी दोन शिखरं दाखवतो. कॅल्साइट होताच त्यांच्या जागी ७१२ चं एकच उरतं. ८५५ च्या आसपासचं शिखर ८७५ कडे सरकतं.

मला सगळ्यात थक्क करतं ते १०८३ चं शिखर. तिन्ही ऑक्सिजन श्वास घेतल्यासारखे एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात, ती ही हालचाल. कॅल्साइटमध्ये कार्बोनेटचा शेजार इतका सममित असतो, की या हालचालीने विद्युतभाराचा तोल ढळत नाही आणि इन्फ्रारेडला ती पकडताच येत नाही. अ‍ॅरागोनाइटमध्ये शेजार किंचित वाकडा, म्हणून तीच हालचाल उघड होते. तापवताना हे शिखर मावळलं, तरी त्रिकोण थरथरतच असतात. फक्त त्यांचा शेजार नीटस झालेला असतो.

भट्टी आणखी तापवली, तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं, की ३६४० पाशी टोकदार शिखर उमटतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो चुना भिंतीवर घट्ट होतो, तेव्हा ७१२ आणि ८७५ पुन्हा हजर!

ज्या कॉलेजात इन्फ्रारेडचं यंत्र आहे, तिथल्या शिक्षकांनी एकदा तरी चुनखडक, शिंपला आणि भाजलेला शिंपला मुलांच्या हाती द्यावा आणि तिन्हींचे आलेख त्यांनाच काढू द्यावेत.